फार नॉर्मल दिसणारी बाई

प्रिय सरकार,

अनेक आशीर्वाद. मायना वाचून दचकू नकोस. लहानपणी अंथरुणात लोळत 'पाणी आण, चादर ओढ, दिवा घालव' असे हुकूम सोडायचास म्हणून आईने तुझं नाव सरकार पाडलं होतं, आणि ते हुकूम झेलायला घरात मी एकटीच होते. आता तुझे केस पांढरे झालेत, ऑफिसात नावापुढे साहेब लागत असेल, पण मला तू सरकारच. पत्र जरा लांबणार आहे. एका बैठकीत वाच आणि मगच बायकोच्या हातात दे. आधी दिलंस तर ती मधेच 'बघा, म्हटलं नव्हतं मी' असं म्हणेल आणि तुझं वाचायचं राहून जाईल.

आजवरची माझी पत्रं तुला गोड वाटली असतील. ती गोडच लिहायची असतात. इथून जाणारं पत्र आधी ऑफिसात वाचतात आणि त्यात राग दिसला की गोळी वाढते. बाहेर माणूस चिडला तर चिडला म्हणतात, इथे 'पेशंट अस्वस्थ' म्हणतात. म्हणून मी 'तब्येत उत्तम, भूक चांगली, तुम्ही सगळे मजेत असाल' एवढ्यावरच भागवत आले. आज तसं करणार नाही, हे पत्र ऑफिसातून जाणारच नाही. आज मी चिडलेली आहे आणि पूर्ण शुद्धीवरही आहे. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात, हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

मी आजारी होते यात वाद नाही. बाबा गेले आणि माझी झोप उडाली, भिंतीशी बोलायला लागले, गॅलरीतून भांडी फेकली, त्यातलं पातेलं शेजाऱ्यांच्या स्कूटरवर जाऊन आदळलं. तू मला इथे आणलंस ते बरोबरच केलंस. इथे मला झोप लागली, औषध लागू पडलं, डोक्यातला गलका हळूहळू थांबला. पण सरकार, मी बरी झाले. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलं त्याला किती वर्षं झाली ते तूच आठव. इथली पद्धत एवढीच, की ज्याने आणून सोडलं त्याने येऊन घेऊन जायचं. म्हणजे तुझी एक फेरी. दवाखान्याने कळवलं तेव्हा तू म्हणालास पोरीची परीक्षा आहे. मग म्हणालास घराला रंग काढलाय. मग बायकोचं ऑपरेशन निघालं, आणि त्यानंतर तू काही म्हणायचंच सोडून दिलंस. तुझ्या त्या एका फेरीची वाट बघत मी इथल्या शिवणखोलीत मशीनवर बसून राहिले. इथल्या सगळ्या बायकांचे निळे झगे मी शिवते. बटणं जरा सैल लावते, कारण काहीजणींना घट्ट बटण लावता येत नाही.

तर मग सिनेमावाले आले. आमचा जुना वॉर्ड, उंच खिडक्या, लोखंडी खाटा, सगळंच त्यांना फार आवडलं. आमच्या संडासांची दारं खालून अर्धी कापलेली आहेत, ते पाहून दिग्दर्शक अगदी हळहळला, आणि लगेच त्याचा फोटो काढला. गोष्ट अशी होती की एक धडधाकट बाई चुकून वेड्यांच्या इस्पितळात अडकते आणि अडकून अडकून खरीच वेडी होते. शहाणं कोण आणि वेडं कोण, हा प्रश्न त्याला जगाला विचारायचा होता. आमचे मोठे साहेब, म्हणजे इथले सगळ्यात वरचे डॉक्टर, यांना प्रश्नाचं काही नव्हतं, फुकटात भिंती रंगवून मिळतील एवढीच त्यांची आशा. भिंती रंगवल्याही, पण मग त्या फार स्वच्छ दिसायला लागल्या म्हणून सिनेमावाल्यांनीच दोन दिवस बसून तो रंग खरवडून काढला.

गर्दीसाठी निम्म्या बायका बाहेरून बसने यायच्या, आणि आमच्यातल्या ज्यांना हौस असेल त्यांनी बसावं असं ठरलं. हौस सगळ्यांनाच होती. इथे हौसेला दुसरं आहे काय? दिग्दर्शक म्हणाला, नेहमीसारख्या वागा. आम्ही नेहमीसारख्या वागलो. एक खिडकीतून बघत बसली, एक झोपली, दोघी एकमेकींच्या वेण्या घालत बसल्या. अर्ध्या तासात तो कंटाळला. वेड लागलेली माणसं दिवसातला बराचसा वेळ नुसती बसलेली असतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्याने बाहेरच्या बायकांना पुढे घेतलं. त्या डोलायला लागल्या, केस उपटायला लागल्या, एक तर खाटेखाली शिरून भुंकायला लागली. त्यांना चहा जास्त मिळतो हे बघून आमच्यातल्याही दोघी तसंच डोलायला लागल्या, आणि डॉक्टरीणबाई धावत आल्या, त्यांना वाटलं औषध उतरलं. मी इतक्या वर्षांत एवढी हसले नव्हते. मग दिग्दर्शकाची नजर माझ्याकडे गेली. त्याने मला लांबून निरखलं, जवळून निरखलं आणि म्हणाला, 'बाई, राग नका मानू, पण तुम्ही फार नॉर्मल दिसता. जरा मागे बसा.'

मी मागे जाऊन बसले. हातात सुई-दोरा होताच, एका झग्याचं बटण लावत बसले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. गेली कित्येक वर्षं जे एका माणसाने मोठ्याने म्हणावं म्हणून मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, ते या परक्या माणसाने दहा जणांसमोर म्हटलं, आणि तेही तक्रार म्हणून!

आता पुढचं तुला अर्धं माहीत आहे, कारण त्यातलं अर्धं तुझ्याच दारात घडलं. उरलेलं अर्धं ऐक. सिनेमासाठी मी बाहेरच्या बायकांना आमच्यासारखेच झगे शिवून दिले होते. त्यांच्या कपडेपटवाल्याने ते बघितले आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, हे तर नवे कोरे दिसतायत, हे कॅमेऱ्यात चालायचे नाहीत. मग त्याने साधा उपाय काढला. आमच्या अंगावरचे जुने, विटके झगे धुऊन बाहेरच्या बायकांना घातले आणि नवे आम्हाला दिले. आम्ही खूश, नवं कापड अंगाला लागलं. एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. आमच्या वॉर्डातल्या आयांची माणसं ओळखायची रीत कपड्यांवर होती. जुन्या आया तोंडं ओळखतात, पण त्या आठवड्यात दोघी रजेवर होत्या आणि बदलीवर ज्या आल्या त्यांना मोठ्या आयाने एवढंच सांगून ठेवलं होतं, की विटक्या कपड्यातल्या आपल्या आणि नव्या कपड्यातल्या सिनेमाच्या. शूटिंग चालू असताना खरं तर ते उलटं झालं होतं, पण तिने अदलाबदलीच्या आधी डोळ्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं. विटकं ते वेडं. तिला तरी काय दोष देऊ?

संध्याकाळी काम संपलं, बाकी सगळ्यांनी झगे परत बदलून घेतले, बदलायच्या राहिल्या त्या दोघीच. बाहेरून येणाऱ्यांत एक कुरळ्या केसांची पोरगी होती, जेमतेम तिशीची. दिवसभर खाटेवर पडून राहायचं काम तिला दिलेलं, ते करता करता तिचा खरंच डोळा लागला. बदलीच्या आयांनी विटक्या कपड्यातल्या बायका आत घेतल्या, डोकी मोजली, दाराला कुलूप घातलं. आणि मी नव्या झग्यात अंगणात उभी होते. सिनेमाचा एक माणूस आला, म्हणाला, 'चला मावशी, चला, गाडी सुटतेय, रोज तुमच्याचसाठी थांबायचं का?' मी त्याच्याकडे बघितलं. मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. आणि सरकार, त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. मी बसमध्ये चढून बसले. ती आत, मी बाहेर, डोक्यांचा आकडा बरोबर जुळला, त्यामुळे सकाळपर्यंत कुणाला कळायचं काही कारण नव्हतं.

बसमध्ये शेजारच्या बाईने मला बिस्किटं दिली. नवऱ्याची कुरकुर सांगितली, गुडघे दुखतात म्हणाली, उद्या वेळेवर ये गं असं उतरताना बजावून गेली. झगा सिनेमाचाच वाटला, एवढ्या रस्त्यात एकीलाही माझ्यात वेगळं काही दिसलं नाही. बाजारात बस थांबली तिथून मी घरी चालत आले. आपला रस्ता मी विसरले असेन असं वाटलं होतं, पण पाय बरोबर वळत गेले. कोपऱ्यावरचं घड्याळवाल्याचं दुकान गेलं, तिथे आता औषधांचं दुकान आहे. आपल्या दाराचा रंग बदललाय. मी बेल दाबली आणि तुझ्या मुलीने दार उघडलं. काय उंच झालीय रे! हनुवटी आईची आहे. तिने 'कोण पाहिजे?' असं विचारलं, आणि मला जे माणूस पाहिजे होतं ते तर तीच होती.

मग तू आलास. तू ओरडला नाहीस, दार लावलं नाहीस. तू वाईट माणूस नाहीसच, तू घाबरट आहेस, आणि ते मला अंथरुणातल्या हुकमांपासून ठाऊक आहे. तू मला आत न घेता व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवलंस, पोरीला म्हणालास, 'अगं, कामाचं विचारायला आल्यात त्या, चहा टाक जरा.' आणि आत जाऊन फोन लावलास. खिडकी उघडी होती. 'हो, आमच्याकडेच आहे. शांत आहे. पण लवकर या.' सरकार, शांत आहे तर लवकर कशाला? पोरगी चहा घेऊन आली, साखर बरोबर आहे का म्हणून विचारलंन. मी म्हटलं, छान झालाय. तिचं माझं बोलणं झालं ते एवढंच. मला पळून जाता आलं असतं, गाडी यायला वेळ होता. पण पोरीने केलेला चहा होता, तो मी संपवला. इस्पितळाची गाडी आली तेव्हाही मी गुपचूप चढले. मी आरडाओरडा केला असता तर तिच्या डोक्यात माझं तेवढंच चित्र राहिलं असतं. तू फाटकापर्यंतही आला नाहीस.

मला त्या रात्री वेगळ्या खोलीत ठेवलं, वॉर्डातली डोकी पुन्हा कुणी मोजलीच नाहीत. इकडे कुरळीची काय गत झाली ते ऐक. ती जागी झाली तर दाराला कुलूप. तिने दार वाजवलं, म्हणाली, मी पेशंट नाही, मी नटी आहे, सिनेमात काम करते. आता आमच्या वॉर्डात एक बाई आहे, ती गेली किती वर्षं आपण नटी असल्याचं रोज सांगते. बदलीच्या आयांना ते आधीच सांगून ठेवलेलं होतं. त्या म्हणाल्या, हो हो, नटी ना, झोप आता. कुरळी चिडली. चिडली म्हणून तिला धरलं. धरलं म्हणून तिने चावा घेतला. चावा घेतला म्हणून सुई टोचली. एक पायरी चुकली नाही. मी इतकी वर्षं इथे आहे, मला त्यातली एकही पायरी नवी नव्हती. सकाळी सिनेमाची माणसं आली तेव्हा ती खाटेवर बसून बोटांची नखं बघत होती, आणि तिला विचारलं तू कोण, तर लगेच बोलेना. मला तिने नंतर सांगितलं, सुईचं काही नाही हो ताई, पण रात्रीत एकदा मला स्वतःलाच वाटलं, की आपण खरंच नटी आहोत का. आपल्याला कधी कुणी नटी म्हटलंय का? गर्दीतली बाई म्हणतात.

मग काय तो गोंधळ! मोठे साहेब स्वतः आले, हात जोडले, चहा मागवला. आयांना नोटिसा गेल्या. दिग्दर्शकाने तिची माफी मागितली आणि मग हळूच विचारलं की तुला नेमकं काय काय वाटलं, सगळं सांग. तिने सांगितलं. दोन दिवसांनी तेच सगळं त्याच्या नायिकेने करून दाखवलं, दार वाजवणं, चावणं, नखं बघणं, आणि कुरळी गर्दीत बसून ते बघत होती. आणि मी? माझ्या नावावर 'पळून गेली होती' असं चढलं. एका संध्याकाळी, एकाच घोटाळ्यात आम्हा दोघींची अदलाबदल झाली. तिची झाली ती चूक ठरली, माझी झाली तो आजार ठरला. माझी गोळी पुन्हा सुरू केली. डॉक्टरीणबाई भांडल्या, पण मोठे साहेब म्हणाले, शहाणी असती तर बसमध्ये चढली असती का? मला वाटतं शहाणी होते म्हणूनच चढले.

त्यानंतर कुरळी काम नसलं तरी शिवणखोलीत येऊन बसायला लागली. काज करायला शिकली, वाकडे करते पण करते. सिनेमावाले सामान आवरून गेले तरी ती दर आठवड्याला येत राहिली. भेटायला येणाऱ्यांच्या बाकावर माझ्यासाठी बसणारं पहिलं माणूस ते. मी तिला म्हणायचे, अगं, तू माझी कोण? ती म्हणायची, आपण एकमेकींच्या जागी जाऊन आलोय, अजून काय नातं पाहिजे.

सिनेमा तयार झाला तेव्हा त्यांनी आम्हाला इथल्या हॉलमध्ये दाखवला. तू असा सिनेमा बघितला नसशील. जिथे बाहेरची माणसं घाबरतील तिथे आमच्या बायका हसत होत्या, आणि जेवणाच्या रांगेचं साधं दृश्य आलं तेव्हा अख्खा हॉल गप्प. नायिका गोळी गिळायला लागली तर एक जण उठून पडद्याजवळ गेली आणि तिला कळवळून सांगायला लागली, 'जिभेखाली धर, नंतर थुंक.' शेवटी ती नायिका आमच्यातली होऊन जाते. रांगेत येऊन बसते, तिच्या डोळ्यांत काही उरत नाही, कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकत जातो आणि अगदी मागे बसलेल्या एका बाईवर थांबतो. ती बटण लावतेय. लावून होतं, ती दोरा दातांनी तोडते, वर बघते, आणि सिनेमा संपतो. ती मी आहे, सरकार. डोलणाऱ्या, भुंकणाऱ्या सगळ्या त्याने कापून टाकल्या. मला म्हणाला, ताई, कापताना माझ्या लक्षात आलं, सगळ्यात भीती तुमच्या चेहऱ्याची वाटते, कारण तुम्ही कुठल्याही घरात असू शकता. मी म्हटलं, कुठल्याही नको रे बाबा, एका घरात असते तरी पुरलं असतं.

आणि मग, गेल्या महिन्यात, तू आलास! मी शिवणखोलीच्या खिडकीतून तुला पाहिलं. आधी ओळखलं नाही, चाल बाबांची झालीय. मग मी मशीन बंद केली, अंगावरचे दोरे झटकले, केस नीट केले. पेटी आवरायची म्हणून खाटेकडे दोनदा गेले आणि दोनदा परत आले. सरकार आला, सरकार न्यायला आला, असं मी वॉर्डभर सांगत सुटले, आणि नटी म्हणवणाऱ्या त्या बाईने आपली चांगली चप्पल मला घरी जायला म्हणून आणून दिली. मी खिडकीत उभी राहून हात हलवला. तू वर बघितलंसही. पण वेड्यांच्या इस्पितळात खिडकीतून हात हलवणाऱ्या बाईकडे कोण लक्ष देतं? तू ऑफिसात गेलास, बराच वेळ बसलास, आणि आला तसा फाटकातून निघून गेलास.

तू कशासाठी आला होतास ते डॉक्टरीणबाईंनी मला संध्याकाळी सांगितलं. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तूच ऑफिसात सांगितलंस म्हणे, सिनेमाची जाहिरात तुझ्या घरी सगळ्यांनी बघितली, आणि पोरगी म्हणाली, बाबा, ही ती बाई, आपल्याकडे कामाचं विचारायला आलेली. आणि मग म्हणाली, हिची हनुवटी माझ्यासारखी कशी? तू म्हणालास, असते कधी कधी. आत्या परगावी नोकरीला आहे, तिला सुट्टी मिळत नाही, असं तू तिला लहानपणापासून सांगत आलास म्हणे. नोकरी! खोटं म्हणता येणार नाही, सुट्टी मिळत नाही हे तर खरंच होतं. आणि दुसऱ्या दिवशी तू धावत इथे आलास आणि मोठ्या साहेबांना म्हणालास, ही माझी सख्खी बहीण, मी तिचा पालक, तिचा चेहरा सिनेमातून काढा, आमच्या मुलीचं लग्नाचं वय आहे. माझ्या एका फेरीसाठी तुला इतकी वर्षं सवड झाली नाही. माझं तोंड पुसून टाकायला तुला एक रात्र पुरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही आलाच आहात, त्या वर शिवणखोलीतच आहेत, घेऊन जा. तू घड्याळात बघितलंस आणि म्हणालास, 'आज गाडी नाही आणलेली.' हे वाक्य मी रोज एकदा मनात म्हणून बघते. तुझ्या आवाजात म्हणून बघते, बाबांच्या आवाजात म्हणून बघते. कुणाच्याच आवाजात ते नीट बसत नाही.

पण तू एक काम केलंस, आणि तुला त्याचा पत्ताही नाही. तुझ्या नकारामुळे सिनेमाच्या वकिलाला घाम फुटला. त्याने दवाखान्याला एकच प्रश्न विचारला. ही बाई स्वतःचं भलंबुरं ठरवायला समर्थ आहे की नाही? नसेल तर भावाचा शब्द चालेल आणि शेवट कापावा लागेल. असेल तर भावाने मधे बोलायचं काही कारण नाही, तिलाच विचारा. बघ, मी वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारत होते, तेव्हा तो पेशंटचा हट्ट होता. वकिलाने विचारला तर आठवड्यात तीन डॉक्टर टेबलामागे येऊन बसले. त्यांनी मला काय काय विचारलं. शेवटी एक जण म्हणाला, तुमच्यावर अन्याय झाला असं वाटतं का? मला कळलं की हो म्हणाले तर चिडकी ठरेन आणि नाही म्हणाले तर खोटारडी. मी म्हटलं, हो, पण त्यावर गोळी नसते. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि समर्थ म्हणून लिहून दिलं. मग डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, ज्या बाईला स्वतःच्या चेहऱ्याबद्दल सही करता येते तिला स्वतःच्या बाहेर पडण्यावरही करता येते, तशी सोय आहे, आपण ती वापरत नाही एवढंच. मोठे साहेब बराच वेळ पेन शोधत राहिले, पण नाही कोण म्हणणार आणि कुठल्या तोंडाने?

म्हणजे उद्या मी इथून निघते आहे, माझ्या सहीने. न्यायला कुणी यायची गरज नाही, तरी कुरळी येणार आहे. तिच्या खोलीत एक खाट रिकामी आहे आणि त्या कपडेपटवाल्याकडे मला शिवणकाम मिळालंय. मी तुझ्या दारात येणार नाही. बायकोला हे पहिलं सांग, म्हणजे तिला जेवण जाईल. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. सुटण्याच्या सहीआधी त्यांनी माझ्यापुढे दुसरी सही ठेवली होती, चेहरा ठेवायचा की काढायचा. मी पोरीचा विचार केला, तिच्या लग्नाचा केला, तुझा केला, दोन दिवस केला. आणि ठेवा म्हणून सही केली. सिनेमा या शुक्रवारी लागतोय. पोरगी बघायला जाणार, तू नको म्हणालास तर नक्कीच जाणार, आपल्याच घरातली आहे ती. तेव्हा तुझ्या हातात हे चारच दिवस आहेत. तिला समोर बसव आणि सांग, की ही तुझी आत्या. ही आजारी होती आणि बरी झाली, आणि बरी झाल्यावरही मी तिला आणायला गेलो नाही. एवढं तुझ्या तोंडून ऐकलं तर ती रडेल, चार दिवस तुझ्याशी बोलणार नाही, आणि मग बोलेल. तू गप्प राहिलास तर शुक्रवारी अंधारात बसून तिला माझी ओळख पटेल, आणि दिवे लागल्यावर ती घरी येईल तेव्हा तिला तुझी पटेल.

तुझीच,
ताई